ए.एस. हॉर्नबी

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी (१० ऑगस्ट १८९८ – १३ सप्टेंबर १९७८) हे इंग्रज व्याकरणकार, कोशकार आणि भाषाशिक्षणतज्ज्ञ होते. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी तयार झालेल्या आणि आज ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शब्दकोशाचे ते प्रमुख संपादक होते. शब्दाचा अर्थ सांगण्याबरोबरच तो शब्द वाक्यात कसा लिहावा हेही शब्दकोशाने सांगितले पाहिजे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. साधे पत्र, अर्ज किंवा निरोप इंग्रजीत स्वतः लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण हा त्यांच्या कार्याचा केंद्रबिंदू होता.

प्रारंभिक जीवन

हॉर्नबी यांचा जन्म इंग्लंडमधील चेस्टर या शहरात झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून १९२२ साली त्यांनी इंग्रजी विषयाची पदवी घेतली. १९२४ साली ते जपानला गेले आणि क्यूशू बेटावरील ओइता येथील उच्च वाणिज्य विद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करू लागले. त्यांची नेमणूक इंग्रजी साहित्य शिकविण्यासाठी झाली होती. मात्र विद्यार्थ्यांची खरी गरज साहित्याची नसून भाषेची आहे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले.

त्या काळी जपानमध्ये इंग्रजी प्रामुख्याने भाषांतराच्या पद्धतीने शिकविली जात असे. इंग्रजी वाक्यातील शब्दांचे अर्थ लावून त्यांची जपानी वाक्यरचना करणे, हे अध्ययनाचे मुख्य अंग होते. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी कठीण उतारा समजून घेऊ शके. परंतु स्वतःच्या मनातील साधी गोष्ट इंग्रजीत लिहिताना तो अडखळत असे. वाचनासाठी शब्द ओळखता आला तरी पुरते. लेखनासाठी मात्र तो शब्द कोणत्या शब्दांसोबत आणि कोणत्या रचनेत येतो, हेही ठाऊक असावे लागते. हॉर्नबी यांच्या पुढील संशोधनाचा आधार हाच भेद होता.

पामर यांच्यासमवेत कार्य

इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरल्ड पामर हे १९२२ साली जपानला आले होते. त्यांनी १९२३ साली तोक्यो येथे इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. हॉर्नबी प्रथम ओइता येथूनच या संस्थेच्या कामात सहभागी झाले आणि १९३० च्या दशकात तोक्योला स्थलांतरित झाले. कोणते शब्द आधी शिकवावेत आणि कोणते शब्द परस्परांसोबत येतात, या दोन प्रश्नांवर संस्थेचे संशोधन चालू होते. इंग्रजीतील शब्दसंगतींविषयीचा संस्थेचा विस्तृत अहवाल १९३३ साली प्रसिद्ध झाला; त्याच्या सिद्धतेत हॉर्नबी यांचा मोठा वाटा होता.

पामर १९३६ साली इंग्लंडला परतले. त्यानंतर संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन आणि संशोधनाची जबाबदारी हॉर्नबी यांच्याकडे आली. त्याच सुमारास बंगालमध्ये अनेक वर्षे शिक्षणक्षेत्रात काम केलेले मायकेल वेस्ट यांचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश १९३५ साली प्रकाशित झाला होता. मर्यादित शब्दसंख्येत सर्व व्याख्या देणारा हा कोश मुख्यतः वाचकाला उपयोगी पडणारा होता. हॉर्नबी यांनी योजलेला कोश लिहिणाऱ्यासाठी होता.

शब्दकोशाची रचना

ई.व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या सहकाऱ्यांसमवेत हॉर्नबी यांनी १९३७ साली कोशाचे काम हाती घेतले आणि १९४० पर्यंत ते पूर्ण केले. या कोशाची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती.

क्रियापदांचे साचे: इंग्रजी क्रियापदे वाक्यात कोणकोणत्या रचनांत येतात याचे वर्गीकरण करून २५ साचे ठरविण्यात आले व प्रत्येकाला क्रमांक देण्यात आला. कोशात क्रियापदाच्या नोंदीत हे क्रमांक दिलेले असत. क्रमांकावरून विद्यार्थ्याला त्या क्रियापदाची वाक्यरचना शोधता येई.

या योजनेची आवश्यकता मराठीभाषकालाही सहज पटण्यासारखी आहे. मराठीत ‘मला द्या’ आणि ‘मला समजावून सांगा’ या दोन्ही ठिकाणी ‘मला’ हेच रूप येते. इंग्रजीत मात्र ‘गिव्ह मी’ ही रचना शुद्ध असली, तरी ‘एक्सप्लेन मी’ ही अशुद्ध ठरते. तेथे ‘एक्सप्लेन टू मी’ अशी रचना करावी लागते. त्याचप्रमाणे ‘त्यांनी मला जायला सांगितले’ आणि ‘त्यांनी मला जायला सुचवले’ या वाक्यांची घडण मराठीत सारखीच आहे. परंतु इंग्रजीत ‘टेल’ या क्रियापदाला चालणारी रचना ‘सजेस्ट’ या क्रियापदाला चालत नाही. अशा चुका अर्थ न समजल्यामुळे होत नाहीत. केवळ अर्थ देणारा कोश कितीही वेळा उघडला तरी त्या टळत नाहीत.

नामांचे वर्गीकरण: मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामे स्वतंत्र खुणांनी दर्शविण्यात आली. मराठीत ‘सल्ले’ असे अनेकवचन करता येते. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ या शब्दाचे तसे अनेकवचन होत नाही व त्यापूर्वी ‘ॲन’ हे उपपदही येत नाही. ‘फर्निचर’ आणि ‘इन्फर्मेशन’ हे शब्दही याच वर्गातील आहेत. मराठी किंवा जपानी भाषेत इंग्रजीसारखी उपपदे नसल्याने या भाषकांना नामाचा वर्ग ठाऊक असणे विशेष उपयोगाचे ठरते.

उदाहरणे: बहुसंख्य नोंदींत छोटी वाक्ये किंवा वाक्यांश देण्यात आले. त्यांची निवड अनुकरण करून लिहिता यावे या दृष्टीने केली होती.

युद्धकाळ

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर जपान व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाले. जपानमधील इतर ब्रिटिश नागरिकांप्रमाणे हॉर्नबी यांनाही स्थानबद्ध करण्यात आले. अनेक वर्षांच्या संशोधनातून तयार झालेला कोश त्या वेळी शत्रुराष्ट्राच्या राजधानीत प्रकाशनाच्या मार्गावर होता. १९४२ साली तोक्यो येथील काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो ‘इडियमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी’ या नावाने प्रकाशित केला. त्याच वर्षी हॉर्नबी यांची सुटका होऊन ते इंग्लंडला परतले.

युद्ध संपल्यानंतर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने जपानी आवृत्तीच्या पानांचे छायाचित्रण करून हा कोश १९४८ साली ‘अ लर्नर्स डिक्शनरी ऑफ करंट इंग्लिश’ या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. जपानी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा ग्रंथ त्यानंतर जगभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

ब्रिटिश कौन्सिल आणि अध्यापनविषयक लेखन

इंग्लंडला परतल्यावर हॉर्नबी ब्रिटिश कौन्सिलमध्ये दाखल झाले. त्यांना इराणला पाठविण्यात आले व तेथे त्यांनी तेहरान विद्यापीठात अध्यापन केले. १९४५ साली ते कौन्सिलचे भाषाविषयक सल्लागार म्हणून लंडनला आले. वर्गात प्रत्यक्ष शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी एक नियतकालिक असावे, असे त्यांचे मत होते. त्यातून ऑक्टोबर १९४६ मध्ये ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ हे नियतकालिक सुरू झाले. १९५० पर्यंत ते त्याचे संपादक होते. हे नियतकालिक पुढे ‘ईएलटी जर्नल’ या नावाने चालू राहिले.

यानंतर त्यांनी ग्रंथलेखनाला वाहून घेतले. १९५४ साली प्रकाशित झालेल्या ‘अ गाइड टू पॅटर्न्स अँड यूसेज इन इंग्लिश’ या ग्रंथात त्यांनी क्रियापदांबरोबरच नामे व विशेषणे यांच्या रचनांचेही विवेचन केले. वाक्यरचना नियमाच्या रूपात पाठ न करता वर्गात निर्माण केलेल्या परिस्थितीतून तिचा परिचय करून द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दार उघडणे, पुस्तक टेबलावर ठेवणे अशा साध्या कृतींतून एक रचना पक्की झाल्यावर पुढची घ्यावी, असा क्रम त्यांनी सुचविला. प्रथम तोंडी सराव आणि नंतर त्याच रचनेत लेखन, ही त्यामागील पायरी होती. वाक्यरचनांच्या क्रमबद्ध अध्यापनाची ही विचारसरणी भारतातील शालेय इंग्रजी अध्यापनातही १९५० नंतर रुजली.

हॉर्नबी न्यास

कोशाच्या विक्रीतून हॉर्नबी यांना मोठे मानधन मिळू लागले. त्याचा मोठा भाग त्यांनी १९६१ साली स्थापन केलेल्या शैक्षणिक न्यासाला दिला. इंग्रजी शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण करणे, हे या न्यासाचे कार्य आहे. विद्यार्थ्यांच्या खरेदीतून आलेला पैसा त्यांच्याच शिक्षकांच्या शिक्षणासाठी वापरला जावा, ही त्यामागील भूमिका होती. भारतातील शिक्षकांनीही या शिष्यवृत्तीचा लाभ घेतला आहे.

मूल्यमापन

हॉर्नबी यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १९६३ साली व तिसरी १९७४ साली निघाली. त्यांच्या कार्यावर काही आक्षेपही घेण्यात आले. क्रियापदांचे क्रमांक लक्षात ठेवणे किंवा दर वेळी तक्त्यात शोधणे अनेक विद्यार्थ्यांना क्लिष्ट वाटे. परिणामी कोशातील सर्वांत उपयुक्त माहिती पुष्कळदा न वाचलेलीच राही. त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत ही क्रमांकपद्धती बदलून अधिक सुबोध चिन्हे वापरण्यात आली. १९७० च्या दशकापासून पुढे आलेल्या संवादाधिष्ठित अध्यापनपद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी वाक्याच्या साच्यावर दिलेला भर अपुरा मानला. शुद्ध वाक्य लिहिता येणे आणि कोणाला, कशासाठी, कोणत्या शब्दांत लिहावे हे समजणे, या भिन्न गोष्टी असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

असे असले, तरी हॉर्नबी यांनी घालून दिलेला पाया टिकून राहिला. १९७८ साली लाँगमन आणि १९८७ साली कोबिल्ड या विद्यार्थी-कोशांनी वेगळ्या पद्धती स्वीकारल्या. मात्र शब्दाची वाक्यरचना दाखविणे हे कोशाचे कर्तव्य असल्याचे दोघांनीही मान्य केले. नामापुढील मोजणीची खूण, क्रियापदापुढील रचना आणि अनुकरणयोग्य उदाहरण या तिन्ही गोष्टी आज विद्यार्थी-कोशांत सर्वत्र आढळतात.

ब्रिटिश सरकारने हॉर्नबी यांना ओबीई हा किताब दिला होता. वयाच्या ८० व्या वर्षी, १३ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.