चंद्राचे खळे आणि डॉ. रामन
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव गगनबावडा तालुक्यात, घाटाच्या माथ्यावर. पावसाळा लागला आणि करूळ व भुईबावडा घाटांतून ढग वर चढू लागले की ते थेट घरात शिरतात. चुलीजवळ वाळत घातलेली वाकळसुद्धा दमट राहते. त्यामुळे ढग म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. पण पाऊस सरल्यावर निळ्या आभाळात फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे जे पांढरे धागे दिसतात, त्यांची गोष्ट निराळी. ते कधी आमच्या अंगणात उतरत नाहीत. रात्री त्यांचा पातळ पडदा चंद्रावर आला की चंद्राभोवती मोठे गोल कडे उमटते. माझी आजी त्याला खळे म्हणते, आणि खळे पडले की हवा पालटणार असे सांगते. भूगोलाच्या पुस्तकात या ढगांना तंतुमेघ म्हटले आहे. ते पाण्याच्या थेंबांचे नसून बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात, आणि त्या स्फटिकांतून चांदणे वळते म्हणून खळे दिसते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करते, त्याला कारण घडले ते गेल्या २८ फेब्रुवारीचे व्याख्यान. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आमच्या महाविद्यालयात आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी सांगितले की, हे ढग आता जमिनीवर बसून मोजता येतात. लेसरचा क्षणभराचा झोत सरळ वर सोडायचा आणि ढगाला लागून जो अल्पसा प्रकाश मागे येतो, तो दुर्बिणीने गोळा करायचा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तेव्हा १५ किलोमीटर उंचीच्या ढगापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. त्या वेळेवरून ढगाची उंची निघते. शिवाय गोल थेंबावरून परतलेल्या प्रकाशाच्या लहरी मूळच्याच दिशेत डोलत असतात, तर बर्फाच्या कोनेदार स्फटिकावरून परतताना ती दिशा बिघडते. त्यावरून ढग पाण्याचा की बर्फाचा, ते ओळखतात. या यंत्राला लायडर म्हणतात. तिरुपतीजवळ गदंकी येथे १९९८ पासून असे यंत्र या उंच ढगांचा वेध घेत आले आहे. आमच्या गावी आषाढात ते ठेवले, तर बिचारा प्रकाश खालच्याच दाट ढगात अडकून पडेल!

या यंत्राच्या एका प्रकाराला रामन लायडर असे नाव आहे. हे नाव मला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतेच ठाऊक होते. मग मी ग्रंथालयातून डॉ. रामन यांचे चरित्र आणून वाचले.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली ते पदवीधर झाले, आणि ती पदवी बी. ए. होती, हे वाचून मला उगाचच धीर आला. त्या काळी पदार्थविज्ञानालाही बी. ए. म्हणत, हे नंतर कळले. १९०७ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते सरकारच्या अर्थखात्यात मोठे अधिकारी झाले. आमच्या घरात असे घडते तर पेढे वाटून गोष्ट तिथेच संपली असती. रामन मात्र कचेरीच्या आधी आणि नंतरचा वेळ कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन या संस्थेच्या प्रयोगशाळेत घालवीत. मधल्या काळात रंगून आणि आपल्या नागपुरासही त्यांची बदली झाली होती. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद मिळताच त्यांनी ती भरपगारी नोकरी सोडली आणि कमी पगार पत्करला.

१९२१ मध्ये ते प्रथमच विलायतेला गेले. परतताना नारकुंडा नावाच्या बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहिली. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानीत. रामन यांच्याजवळ एक लहानसा निकोल लोलक होता. एका विशिष्ट दिशेत डोलणाऱ्या लहरीच तो पुढे जाऊ देतो. त्यातून त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून टाकला, तरी निळाई उरलीच. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरते. हे टिपण त्यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये मुंबई बंदरातूनच नियतकालिकाला धाडले. बर्फाचा ढग ओळखताना आज लहरींची जी दिशा तपासतात, तीच दिशा त्या बोटीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी तपासली होती.

पुढे सात वर्षे ते विखुरलेल्या प्रकाशाच्या मागे लागले. त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये शुद्ध पाण्यात एक अगदी मंद, रंग बदललेला प्रकाश दिसला. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी तो जाईना. रामनाथन पुढे हवामान खात्यात गेले आणि पुण्यात त्यांनी उंच हवेचा अभ्यास केला. तो मंद प्रकाश हा दोष नसून निसर्गाचा नियम आहे, हे रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पक्के केले. रेणूला लागून परतणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून येतो आणि तो बदल त्या रेणूची ओळख सांगतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लेसर १९६० साली जन्मला, त्यानंतर हाच नियम आभाळाला लावता आला. हिरवा झोत वर गेला की हवेतल्या नायट्रोजनवरून त्याचा किंचित भाग नारिंगी होऊन परततो. हवेत नायट्रोजन किती, हे ठाऊकच असते. तेव्हा ढगापलीकडून येणारा नारिंगी प्रकाश जितका घटला, तितका ढग दाट. असे पातळ ढग ऊन बरेचसे खाली येऊ देतात, पण जमिनीची उष्णता अडवून धरतात. म्हणून पृथ्वीच्या तापण्याच्या हिशेबात ते धरावे लागतात.

इथवर वाचून मी भारावून गेले होते. पण चरित्र तिथे संपत नाही. १९३३ मध्ये रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी तिथे अर्ज केला. या आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुलगी आहे एवढ्याच कारणाने रामन यांनी त्यांना नाकारले. कमलाबाई हटल्या नाहीत. बंगलोरला जाऊन त्यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर एक वर्ष पारखून पाहू, अशा अपमानकारक अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांना आपला निर्णय बदलावा लागला आणि इतर मुलींनाही दार उघडले. कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी काम करू लागल्या, आणि १९४८ पासून पुण्यात त्यांनी हवामानाची उपकरणे घडवली.

हे वाचून मी दोन दिवस नाराज होते. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. प्रवेशाच्या वेळी खिडकीशी बसलेल्या माणसाने माझ्या वडिलांना सांगितले, मुलीला कशाला प्रॅक्टिकलचा खर्च, कला बरी. वडील चौथी शिकलेले. शिकलेला माणूस म्हणतो तर खरेच असेल, असे त्यांना वाटले आणि मीही गप्प राहिले. कला शाखेने मला पुष्कळ दिले, तक्रार नाही. पण तो निर्णय माझा नव्हता.

पाण्यातला मंद प्रकाश दोष म्हणून फेकून न देणाऱ्या या थोर माणसाला, दारात उभी असलेली हुशार मुलगी मात्र आधी दिसली नाही. मग त्यांना मोठे म्हणावे की नाही? मला वाटते, म्हणावे. पुरावा समोर आल्यावर ते बदलले, हेही शास्त्रज्ञाचेच लक्षण. पण तो पुरावा द्यायला कमलाबाईंना वर्षभर झिजावे लागले, हेही त्यांच्या चरित्रातून गाळू नये. १९५४ साली भारतरत्न झालेले रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे निवर्तले. त्यांच्या नावाचे यंत्र आजही उंच ढगांचा वेध घेते.

गेल्या पौर्णिमेला खळे पडले होते. मी आजीला अंगणात बसवून सांगितले की ते बर्फाचे आहे. ती हसली आणि एवढ्या उंचावर बर्फ ठेवला कुणी, असे विचारू लागली. धाकटी बहीण मात्र हसली नाही. उजेड वर जाऊन परत कसा येतो, ते तिने मला दोनदा सांगायला लावले. ती यंदा दहावीला आहे. जूनमध्ये तिच्या प्रवेशाला वडिलांबरोबर मीही जाणार आहे, आणि खिडकीशी या वेळी मी बोलणार आहे.