केकी मूस : छायाप्रकाशाचा एकांतवासी

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव हे धुळ्याकडे फुटणाऱ्या फाट्याचे जंक्शन. येथील रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात कैखुसरो माणेकजी ऊर्फ केकी मूस यांनी सुमारे अर्धशतक एकांतात काढले. खान्देशाला जागतिक छायाचित्रणाच्या नकाशावर नेणारा हा कलावंत घराबाहेर मात्र क्वचितच पडला.

२ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावी परतले. मुंबईत राहिलेली प्रेयसी रात्रीच्या मेलने येईल, या आशेवर ते रोज दार उघडे ठेवून वाट पाहत, अशी आख्यायिका आजही गावात सांगितली जाते. ती कधीच आली नाही.

बाहेरचे जग नाकारणाऱ्या मूस यांनी ते टेबलावर उभे केले. घरगुती वस्तूंची मांडणी करून त्यावर असा प्रकाश टाकायचा की, पाहणाऱ्याला अस्सल निसर्गदृश्याचा भास व्हावा. या 'टेबलटॉप' छायाचित्रणाने त्यांना देशोदेशीचे पुरस्कार मिळवून दिले. चित्रकला, शिल्पकला आणि सतारवादनातही ते रमले. बंगल्याला त्यांनी नाव दिले ते रेम्ब्रांटचे! गडद सावलीतून उबदार तपकिरी उजेड फुलवणाऱ्या या डच चित्रकाराचे नाव कृष्णधवल छायाचित्रकाराने घराला द्यावे, यातच त्यांची दृष्टी कळते.

त्या काळी कृष्णधवल छायाचित्राला ऊब देणे हे अंधाऱ्या खोलीतील कष्टाचे काम होते. तयार छायाचित्र आधी रसायनात फिके करायचे, मग सल्फाइडच्या द्रावणात बुडवायचे. त्यातील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होऊन तपकिरी 'सेपिया' छटा उमटे आणि चित्र अधिक टिकाऊही होई. आज संगणकावर हीच छटा क्षणार्धात चढवता येते.

मात्र, ही सोय जुन्या ठेव्याच्या मुळावर येऊ शकते. जुन्या छायाचित्राची डिजिटल प्रत काढताना जुनेपणाचा आभास म्हणून सरसकट तपकिरी रंग चढवला, तर कलावंताने योजलेला छायाप्रकाशच पुसला जातो. मूळ छटेची प्रत जपूनच पुढचे प्रयोग व्हावेत.

३१ डिसेंबर १९८९ रोजी मूस यांचे निधन झाले. त्यांचे घर आज कलासंग्रहालय आहे. तेथील प्रत्येक चित्र त्यांनी पाहिले तसेच पुढच्या पिढीला दिसावे, एवढी दक्षता तरी खान्देशाने घ्यायला हवी.