थर्मोस्टॅट लावायचा कुठे? (जॉन्सन सरांची गोष्ट)

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती, कारण ती सुरू होते मामाच्या कोंबड्यांपासून!

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने अंडी उबवायचं मशीन केलं. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, एलएम-३५ सेन्सर आणि रिले. डिस्प्लेवर ३७.५ अंश एकदम स्टेडी. मामाने विश्वासाने १२ अंडी दिली. एकविसावा दिवस गेला, पंचविसावा गेला... एकही पिल्लू बाहेर आलं नाही. मग थर्मामीटरने खोका तपासला तर अंड्यांपाशी जेमतेम ३३! वायर तिथपर्यंतच पुरली म्हणून मी सेन्सर बल्बच्या शेजारीच चिकटवला होता. मामा रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं की हे मशीन बल्बला सांभाळतं की अंड्यांना. व्हायव्हातसुद्धा इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही.

उत्तर शोधताना भेटले वॉरन जॉन्सन. ते शिक्षक होते, म्हणून मी त्यांना सरच म्हणते. जन्म १८४७ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला, लहानपण विस्कॉन्सिनमध्ये. छापखाना, जमिनीची मोजणी, शाळामास्तरकी असं सगळं करून १८७६ मध्ये ते व्हाइटवॉटर गावी, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवायला लागले.

तिथला हिवाळा म्हणजे पारा शून्याच्या कितीतरी खाली. भट्टी तळघरात आणि मुलं वरच्या वर्गांत! शिपाई प्रत्येक वर्गात येऊन थर्मामीटर बघायचा आणि खाली जाऊन भट्टीवाल्याला सांगायचा. तोपर्यंत एका वर्गात कुडकुडणं, दुसऱ्यात घाम, आणि सरांच्या तासाचा बट्ट्याबोळ. सरांनी ओळखलं की आग एकीकडे आहे आणि थंडी वाजणारी माणसं दुसरीकडे. १८८३ मध्ये त्यांनी वर्गात बसवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तापमान हद्दीबाहेर गेलं की सर्किट पूर्ण होऊन तळघरात घंटा वाजायची.

१८८५ मध्ये मिलवॉकीत त्यांची कंपनी उभी राहिली. १८९५ मध्ये आणखी एक पेटंट : दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा, जिच्यात प्रत्येक खोलीचा थर्मोस्टॅट आपापल्या खोलीपुरती उष्णता कमी-जास्त करायचा. घंटा आणि शिपाई दोघांचीही सुट्टी! सरांचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतंच. मनोऱ्यावरची घड्याळं, मोटारगाड्या... एकूण पन्नासच्या वर पेटंट्स. १९११ मध्ये ते गेले. पुढे कंपनीने बाकीचे उद्योग सोडून तापमानाचंच काम धरलं. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स.

थंड देशातल्या घरांत आजही तोच प्रश्न असतो : थर्मोस्टॅट लावायचा कुठे? जिथे माणसं जास्त वेळ बसतात त्या खोलीत, आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण ५ फुटांवर. बाहेरच्या भिंतीवर लावला तर भिंतीच्या गारव्याने फसून भट्टी उगाच चालू ठेवतो. ऊन, दिवा, टीव्ही किंवा किचन जवळ असेल तर घर गार असतानाच भट्टी बंद करतो. दाराच्या मागे हवा खेळत नाही, तिथे त्याला सगळं उशिरा कळतं. वायरसाठी पाडलेलं भोकसुद्धा बुजवावं लागतं, नाहीतर भिंतीच्या पोकळीतली हवा येऊन चुकीचं सांगते. बिचारा खोटं बोलत नाही हो, पण त्याला फक्त स्वतःच्या जागेपुरतंच कळतं!

आपल्याकडच्या एसीचंही तसंच. बहुतेक स्प्लिट एसींचा सेन्सर वर युनिटमध्येच असतो. म्हणून रिमोटवर २४ दिसतं आणि खाली झोपलेल्याला वेगळंच काहीतरी वाटतं.

कंट्रोलच्या पेपरात आपण फीडबॅकचा चौकोन काढतो आणि मार्क घेतो. पण तो चौकोन खोलीत नक्की कुठे बसवायचा, हे मला १२ अंडी वाया घालवून कळलं.

आता लांब वायर आणली आहे आणि सेन्सर अंड्यांच्या मधोमध, त्यांच्याच उंचीवर ठेवला आहे. मामाने पुन्हा १२ अंडी दिली आहेत. हा लेख देताना अठरावा दिवस चालू आहे. रात्री दोनदा उठून बघते. प्लीज, सगळ्यांनी प्रार्थना करा!