घटसर्पाची ओळख पटविणारे डॉक्टर ब्रतोनो

लहान मुलांच्या एका भयंकर रोगाला आपल्या पूर्वजांनी घटसर्प असे नाव दिले. गळ्यात बसून श्वास कोंडणाऱ्या दुखण्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण. फ्रेंचमध्ये याच रोगाला ‘दिफ्तेरी’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या बेटावर कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. परंतु तो कोणी घडविला आणि त्यासाठी त्या माणसाला काय काय पाहावे लागले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या आठवड्यात आम्ही डॉक्टर प्येर फिदेल ब्रतोनो यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ब्रतोनो यांचा जन्म ३ एप्रिल १७७८ रोजी फ्रान्समध्ये शेर नदीकाठच्या सें-जॉर्ज या गावी झाला. घराण्यात वैद्यकी चालत आलेली होती. तरुणपणी ते शिकण्यासाठी पॅरिसला गेले, पण पदवी न घेताच परतले आणि शनोंसो या खेड्यात कनिष्ठ दर्जाचा वैद्यकीय परवाना घेऊन राहिले. तिथे रोगी पाहावे, बागेत झाडे लावावी, स्वतःच्या हातांनी काचेची उपकरणे बनवावी, असा त्यांचा दिनक्रम होता. काही काळ ते गावचे महापौरही होते. चांगला रोगपारखी खेड्यात राहूनही तयार होतो, हे आम्हांला यात विशेष वाटते. रोजचे तेच शेजारी, त्यांचीच मुले. चूक झाली तर ती डोळ्यांसमोरच राहते. पुढे १८१५ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली आणि त्याच सुमारास ल्वार नदीवरील तूर शहराच्या रुग्णालयाचे ते प्रमुख वैद्य झाले.

१८१८ साली तूरमध्ये सैनिकांची एक पलटण येऊन राहिली. तिच्या मागोमाग गळ्याचा रोग शहरात पसरला आणि मुले मरू लागली. त्या काळी या रोगाला एक नाव नव्हते. घशात राखाडी चट्टे आणि तोंडाला दुर्गंधी असली, की वैद्य म्हणत, घसा सडला. मूल घोगऱ्या आवाजात खोकू लागले आणि श्वास घेताना शिटीसारखा आवाज येऊ लागला, की त्याला ‘क्रूप’ म्हणत आणि तो निराळाच रोग समजत. लाल पुरळाच्या तापातला घसा आणखी तिसरा. पण एकाच घरात एका मुलाला घशाचे दुखणे आणि दुसऱ्याला क्रूप झाला, तर वैद्याने काय समजावे?

ब्रतोनो यांनी मृत मुलांची आणि सैनिकांची शरीरे उघडून पाहिली. काम अप्रिय होते, पण त्यावाचून गाठ सुटणार नव्हती. त्यांना दिसले ते असे. घशातला राखाडी थर म्हणजे सडलेले मांस नव्हतेच. तो वरून बसलेला पापुद्रा होता, आणि तो काढला तर खालचे अंग बहुधा शाबूत असे. तोच पापुद्रा टॉन्सिलांवरून खाली स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेत सलग उतरलेला सापडे. म्हणजे घशाचे दुखणे आणि क्रूप ही एकाच रोगाची दोन ठिकाणे ठरली. लाल तापातील घसा मात्र त्यांनी वेगळा काढला. १८२६ साली आपल्या ग्रंथात त्यांनी या रोगाला नवे नाव दिले. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला जो शब्द आहे, त्यावरून ते बनविले होते. पापुद्रा हाताला तसाच चिवट लागतो. आपल्या लोकांनी सर्प पाहिला, त्यांनी कातडे पाहिले.

आजही डॉक्टर मुलाच्या घशात हेच शोधतात. ताप फार चढलेला नसतो, पण मूल फिके आणि मलूल दिसते. टॉन्सिलांवरचा राखट पांढरा पापुद्रा घट्ट चिकटलेला असतो. खरवडला तर रक्त येते, म्हणून तो ओढून काढू नये. साध्या टॉन्सिलांच्या दुखण्यातले पांढरे ठिपके सहज पुसले जातात, हा फरक. रोग जोरात असला की मान बैलासारखी सुजते. आवाज बसणे आणि श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जाणे ही स्वरयंत्र धरल्याची खूण.

खूण ओळखली, पण उपाय कुठे होता? ब्रतोनो पापुद्र्यावर दाहक आम्ल लावीत. आज वाचताना अंगावर काटा येतो. कोंडलेल्या मुलासाठी मात्र एकच मार्ग दिसत होता : मानेत पुढून छेद घेऊन श्वासनलिका उघडायची आणि तिच्यात नळी बसवायची. ही कल्पना जुनी होती, पण तिला हात लावण्याचे धैर्य फार थोड्यांत होते. ब्रतोनो यांचेही आधीचे प्रयत्न फसले होते. १८२५ साली त्यांच्या ओळखीच्या प्वीसेग्यूर घराण्यातील चार वर्षांची एलिझाबेत गुदमरू लागली. त्या घराने या रोगात आधीच मुले गमावली होती. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. ब्रतोनो यांनी छेद घेतला, नळी बसविली आणि मुलीचा श्वास मोकळा झाला. ती वाचली. क्रूपमध्ये या शस्त्रक्रियेने मूल वाचल्याचे हे पहिल्या नोंदींपैकी एक उदाहरण आहे.

हा माणूस लिहिण्याच्या बाबतीत मात्र कमालीचा आळशी होता. आतड्यांत फोड उठविणारा विषमज्वर हा स्वतंत्र, संसर्गजन्य रोग आहे, हे त्यांनी तूरमध्येच शिकविले. पण ते जगाला कळले ते मुख्यतः शिष्यांच्या लेखणीतून. लोहाराचा मुलगा व्हेल्पो आणि तूरचाच त्रुसो हे त्यांचे शिष्य पुढे पॅरिसमध्ये नामवंत झाले. त्रुसो यांनी श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया फ्रान्सभर रुजविली. गुरूंनी दिलेल्या नावाला आजचे रूपही त्यांच्यामुळेच रूढ झाले.

प्रत्येक संसर्गजन्य रोगाचे बीज वेगळे असते, हे मत ब्रतोनो यांनी जंतू दिसण्याच्या कितीतरी आधी मांडले होते. त्यांची एक समजूत मात्र टिकली नाही. सैनिकांच्या हिरड्यांचे सडणे त्यांनी याच रोगात धरले होते. आजच्या मते तो बहुधा निराळा रोग होता.

त्यांचे खासगी आयुष्य गावात चर्चेचा विषय असे. पहिली पत्नी त्यांच्याहून पुष्कळ वर्षांनी मोठी होती, आणि पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी एका अगदी तरुण मुलीशी दुसरे लग्न केले. असो. १८ फेब्रुवारी १८६२ रोजी पॅरिसजवळ पासी येथे ते वारले.

घटसर्पाचा जंतू क्लेब्स यांना १८८३ साली दिसला आणि पुढच्या वर्षी लफ्लर यांनी तो वेगळा वाढविला. रू आणि येर्सें यांनी १८८८ साली दाखविले, की जंतू घशातच राहतो आणि त्याचे विष रक्तातून हृदय व नसांपर्यंत जाते. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी त्यावरचे प्रतिविष शोधले. ते घोड्यांच्या रक्तातून तयार होऊ लागले. विष एकदा पेशींना चिकटले, की प्रतिविषाचा उपयोग होत नाही. म्हणून संशय आला, की प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता ते देतात, आणि तो संशय आजही घशातल्या त्या राखाडी पापुद्र्यावरूनच येतो. १९२३ साली रामों यांनी विषाला निरुपद्रवी करून लस बनविली. डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लशींबरोबर ती तान्ह्या बाळांना देतात.

तूरच्या मोठ्या रुग्णालयाला आज ब्रतोनो यांचे नाव आहे.