किहीमच्या सुगरणीचा अभ्यासक

बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे गिरवून सालिम अली १९३० मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. वयाची तेहतिशी उलटलेली आणि विद्यापीठाची पदवीही नाही. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी मुक्काम हलविला. मुंबईकर जेथे हवापालटासाठी जात, तेथे ते नाइलाजाने राहावयास गेले.

त्या पावसाळ्यात जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली. सालिम अलींनी तिचे तासन् तास निरीक्षण केले. घरटे नर विणतो. ते अर्धवट झाले की मादी येऊन पारखते. पसंत पडले तर ती तेथे संसार मांडते आणि नर घरटे पुरे करून दुसऱ्याच्या विणकामास लागतो. एकाच हंगामात त्याचे असे अनेक संसार थाटले जातात. मराठीने ज्या कौशल्याचे श्रेय ‘सुगरण’ या स्त्रीलिंगी नावाने मादीला दिले, ते नराचे असते! १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांना नाव मिळवून दिले.

याच सोसायटीत १९०८ मध्ये, छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी हा पोरका मुलगा प्रथम आला होता. किहीमनंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी वेतनाविना केली. तेहमिना अनेक मोहिमांत सोबत होत्या. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. तो आघात पचवून सालिम अलींनी १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ सिद्ध केले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथराज १९७४ मध्ये पूर्ण झाला. भरतपूरची पाणथळ जागा पाखरांसाठी राखली जावी, यासाठीही त्यांनी आपले वजन खर्ची घातले.

१९७६ मध्ये पद्मविभूषणाने गौरवलेल्या सालिम अलींचे १९८७ मध्ये मुंबईत निधन झाले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा पाया मात्र किहीमच्या त्या बेकारीच्या पावसाळ्यातच घातला गेला होता.