साठवणीचे गुपित सांगून टाकणारे निकोला आपेर

चैत्र-वैशाखात आपल्या गावात कुणाच्याही अंगणात जा, बाजेवर काहीतरी वाळत घातलेलं दिसतंच. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. कावळे-कोंबड्या हाकलायला आपल्यालाच बसवतात. ही सगळी पावसाळ्याची बेगमी. पण वाळवलेली गवार ती वाळवलेलीच. कितीही भिजवली तरी तिला ताज्या गवारीची चव येत नाही. मग ताजी वस्तू ताज्यासारखी कशी राखावी? या एका प्रश्नापायी फ्रान्स देशातील एका आचाऱ्याने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव निकोला आपेर.

आपेर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी शालों या गावी झाला. वडिलांची खाणावळ होती. वाटसरू यायचे, जेवायचे, मुक्काम करायचे. तळघरातली पिंपे, बाटल्या, त्यांची बुचे यांत निकोला लहानाचे मोठे झाले. पुढे ते आचारी झाले. जर्मनीतील एका संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली. नंतर पॅरिस शहरात येऊन त्यांनी मिठाईचे दुकान घातले.

तिकडचा हिवाळा फार कडक असतो. शेते उजाड होतात. त्या काळी थंडीत ताजा भाजीपाला मिळणे मोठे कठीण. लोक उन्हाळ्यातली फळे वाळवत किंवा साखरेत मुरवत. भाज्या मिठात नाही तर सिरक्यात घालत. पण त्यात मूळ चव जाते, हे आपेर यांना खटकत होते. दर्यावर्दी खलाशांचे हाल तर विचारू नका. महिनोन् महिने खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे!

त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोठी राज्यक्रांती झाली. धामधुमीत १७९४ साली आपेर यांना काही काळ तुरुंगातही जावे लागले. सुटून आल्यावर त्यांनी आपले प्रयोग चालूच ठेवले.

त्यांची रीत ऐकायला अगदी सोपी आहे. रुंद तोंडाची जाड काचेची बाटली घ्यायची. तिच्यात वाटाणे, घेवडा, फळे, जे राखायचे ते भरायचे. वर थोडी जागा सोडायची. बूच गच्च ठोकून तारेने आवळायचे. एकमेकींवर आपटून फुटू नये म्हणून प्रत्येक बाटली जाड कापडी पिशवीत घालायची. मग मोठ्या कढईत पाण्यात उभी करून उकळायची. कोणत्या जिनसाला किती वेळ, हे मात्र त्यांना एकेक करून शोधावे लागले. बाटल्या फुटायच्या, बुचे उडायची, माल नासायचा. तरी त्यांनी नाद सोडला नाही. यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

पॅरिसजवळ मासी या गावी त्यांनी कारखाना काढला. सभोवती वाटाण्याची आणि घेवड्याची शेते होती. माल तोडला की शिळा होऊ न देता बाटलीत भरायचा, असा त्यांचा कटाक्ष असे. फ्रान्सच्या आरमाराने ब्रेस्ट बंदरात त्यांच्या बाटल्या तीन महिने ठेवून पाहिल्या. आतले अन्न चांगले निघाले.

आता खरी परीक्षा आली. पेटंट घेऊन गुपित आपल्यापाशी ठेवता आले असते. आपेर यांनी तसे केले नाही. १८१० साली सरकारने त्यांना १२,००० फ्रँक दिले. अट अशी, की सगळी कृती पुस्तकात छापून लोकांना सांगायची. त्यांनी पुस्तक छापले. कोणत्याही गृहिणीला घरी करता यावे असे त्यात लिहिले. त्याच साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड यांनी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले आणि पुढे डबाबंद अन्नाचा धंदा जगभर पसरला.

आपेर यांच्या वाट्याला काय आले? १८१४-१५ साली परकी फौजा फ्रान्समध्ये शिरल्या, त्यात त्यांच्या कारखान्याची धूळधाण झाली. त्यांनी पुन्हा उभारी धरली. १८२२ साली मानवजातीचा उपकारकर्ता म्हणून त्यांचा गौरवही झाला. पण पैसा हाती उरला नाही. १ जून १८४१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते गरिबीतच वारले. त्यांना स्वतंत्र थडगेसुद्धा मिळाले नाही.

उकळल्याने अन्न का टिकते, हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नव्हते. जंतूंमुळे अन्न नासते हे लुई पाश्चर यांनी पुढे वीसेक वर्षांनी दाखवून दिले. उकळल्याने जंतू मरतात आणि घट्ट बुचामुळे नवे आत शिरत नाहीत. माझी आजी लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देत नाही. तिनेही जंतू पाहिलेले नाहीत, पण अनुभवाने तिला ठाऊक आहे. आपेर यांचेही तसेच होते.

एक सावधगिरीची गोष्ट. काही चिवट जंतू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. आंबटपणा नसलेल्या बंद डब्यात ते वाढून विष तयार करतात. म्हणून आता कारखान्यात वाटाणे, मांस असले पदार्थ दाबाखालच्या वाफेने जास्त तापवतात. तेव्हा कुणी घरी बाटलीत वाटाणे उकळून ठेवू नयेत, आणि फुगलेला डबा तर उघडूच नये, टाकून द्यावा.

मित्रांनो, आपेर यांनी गुपित मनातच ठेवले असते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते. आपल्या आया-आज्यांनाही साठवणीच्या कितीतरी रिती येतात, पण त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. घरी विचारा, वहीत उतरवा. हे वाचायला आलेल्या पालकांनाही विनंती, की आपली एखादी रीत आम्हाला सांगावी. पुढच्या अंकात ती याच भिंतीवर लावू.

— इयत्ता सातवी