फाशी रोगाचा शोध लावणारा खेडेगावचा डॉक्टर

संध्याकाळी वैरण खाल्लेला बैल सकाळी गोठ्यात मरून पडतो. नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येतं. हा फाशी रोग असू शकतो. त्याचं मूळ शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखची ही हकिगत.

कॉख १८४३ साली जर्मनीत क्लाउस्टाल या खाणींच्या गावी जन्मला. डॉक्टर होऊन १८७२ मध्ये तो वोलश्टाइन या आडगावी सरकारी नोकरीत गेला. (हे गाव आता पोलंडात आहे.) त्या भागात गुरं-मेंढरं फाशीनं मरत. जवळ ना विद्यापीठ, ना प्रयोगशाळा. गड्यानं रोगी तपासायच्या खोलीतच पडदा लावून मागे सूक्ष्मदर्शक मांडला. मेलेल्या जनावराचं रक्त लाकडाच्या बारीक ढलपीनं उंदराला टोचायचं, तो मेला की त्याचं दुसऱ्याला. बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात त्यानं जंतू वाढवले आणि त्यांची बीजं तयार होताना पाहिली. ही बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्याच कुरणात पुन्हा पुन्हा गुरं का मरतात, ते कोडं असं सुटलं. १८७६ साली ब्रेस्लाऊच्या प्राध्यापक कोहन यांना त्यानं सगळं करून दाखवलं.

तेव्हा महाड-पोलादपूरकरांनो, असं जनावर मेलं तर फाडू नका, कातडं काढू नका. फाडलं की जंतूंना हवा मिळते, बीजं धरतात आणि वहाळाच्या पाण्यानं खालच्या वाडीपर्यंत जातात. माणसालाही हा रोग होतो. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून घेतात. तेवढंच पुरतं. मग खोल खड्डा, वर चुना.

फाशीची शंका नसेल, तर डॉक्टर शव उघडून नमुने घेतात. जंतू वाढवून पाहायचे तर तुकडा बर्फात जातो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतूच मरतात. पेशी पाहायच्या तर मात्र फॉर्मेलिनच हवं, तुकड्याच्या दहापट. वरंधा घाट चढून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुना पोहोचेतो कुजला, तर उत्तर काय मिळणार? जनावर किती दिवस आजारी होतं, लस कधी टोचली, हे मालकानंच सांगायचं. चिठ्ठीशिवाय नमुना मुका.

कॉखनं पुढे १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला. बुळकांडीवर उपाय शोधायला तो दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथून १८९७ साली प्लेगसाठी थेट मुंबईत. नोबेल १९०५ चं. १९१० साली वारला. एवढा मोठा माणूस, पण गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही, असं तो १९०१ मध्ये सांगून बसला. ते खोटं ठरलं. दूध उकळूनच प्या.